रंगाच्या पहिल्या हाताआधी
(प्रस्तावना)

जुन्या घराचे छत रंगवायचे ठरले की बोलणे रंगाच्या डब्यापासून सुरू होते. कंपनी कोणती, पांढऱ्यातली छटा कोणती, एका लिटरमध्ये किती चौरस फूट निघतील, दोन हात पुरतील की तीन लागतील. हे पुस्तक त्या बोलण्याच्या आधी व्हायला हव्या अशा गोष्टींविषयी आहे. आज दिलेला रंग छताला लागत नाही, तो आधीच्या रंगाला लागतो. आधीचा त्याच्याही आधीच्या रंगाला. असे उतरत गेले की कुठेतरी आत चुन्याचा, मातीचा, लाकडाचा किंवा काँक्रीटचा तळ येतो. या सगळ्या थरांत जो सर्वांत कच्चा, त्याच्या बळावर आपला नवा, महागडा रंग लटकत असतो. छताच्या रंगकामातली बहुतेक अपयशे रंगाची नसतात. ती त्या कच्च्या थराची असतात, आणि तो कुठे आहे हे कुणी तपासलेलेच नसते.

भिंतीला हे थोडेफार खपते. भिंतीवरचा सुटू लागलेला पापुद्रा काही काळ टेकून राहतो. छतावरच्या पापुद्र्याला टेकायला काहीच नाही, त्याचे सगळे वजन त्याला खालीच ओढते. पाणीही बहुधा वरूनच येते, म्हणजे रंगाच्या मागच्या बाजूने. शेवटच्या मजल्यावर उन्हाळ्यात दिवसभर तापलेली गच्ची रात्री निवते आणि त्या रोजच्या फुगण्या-आकसण्याचा ताण छताच्या आणि भिंतीच्या सांध्यावर पडतो. त्यात खिडकीतून येणारा उजेड छतावर तिरका पडतो, त्यामुळे भिंतीवर न दिसणारा उंचवटा छतावर सावली टाकतो. म्हणूनच भिंतीचे नियम छताला लावून भागत नाही. मराठीत घरबांधणीवर पुस्तके आहेत, वास्तुसजावटीवर तर पुष्कळच आहेत. पण घरातल्या माणसाने मान वर करून आपल्या छताकडे कसे पाहावे याविषयी एकत्र, क्रमाने लिहिलेले फारसे हाती लागत नाही. ती उणीव भरण्याचा हा प्रयत्न आहे.

नवख्या वाचकाने आधी एक गोष्ट लक्षात घ्यावी. महाराष्ट्रात आणि गोव्यात ‘जुने छत’ ही एकच वस्तू नाही. देशावर, विशेषतः सोलापूरकडे आणि मराठवाड्यात, माळवदाची घरे होती: तुळया, त्यांवर कड्या, कड्यांवर फळ्या किंवा किलच, आणि त्यावर तुडवून बसवलेली पांढरी माती. खानदेशात त्यालाच धाबे म्हणतात. या घराला खालून रंग देण्याचा प्रश्न फारसा नव्हता. लाकूड उघडेच असे आणि चुलीच्या धुराने काळे पडे. त्या धुराचा किडीला थोडाफार अटकाव होई. पुण्या-वाई-साताऱ्याच्या वाड्यांत कड्या-फळ्यांचा कडीपाट होता, आणि जिथे ऐपत होती तिथे कड्या झाकणारी तक्तपोशी. कोकणात कौलांच्या खाली माळा असे. तिथल्या लाकडाला वाळवी लागू नये म्हणून काजूच्या टरफलांचे काळे तेल देत. किनाऱ्यावर आणि गोव्यात चुना दगडाऐवजी शिंपले भाजूनही करत आणि तो फार शुभ्र निघे. या प्रत्येक छताला काय मानवते ते वेगळे आहे. सागवानी कडीपाटावर पुढच्या पिढ्यांनी तैलरंगाचे हात चढवले असतील, तर तिथे मुख्य काम रंग देण्याचे नसून उतरवण्याचे आहे.

या सगळ्या परंपरेत चुना केंद्रस्थानी होता आणि त्याचे वागणे समजले की अर्धा विषय समजतो. भाजलेली कळी पाण्यात विरवली की कॅल्शियम हायड्रॉक्साइड तयार होते. ते छताला फासल्यावर हवेतला कार्बन डायऑक्साइड शोषत हळूहळू पुन्हा चुनखडी बनते. म्हणजे चुना नुसता वाळत नाही, तो दगड होत जातो. या क्रियेला ओलावा लागतो. म्हणून जाणता माणूस चुन्याआधी पृष्ठभागावर पाणी मारत असे, आणि कडक उन्हात फासलेला चुना भुकटी होऊन हाताला येतो हे त्याला ठाऊक असे. पकड यावी म्हणून सरस किंवा डिंक घालत. पिवळसरपणा मारण्यासाठी नीळ पडे. असा चुना ओल अडवत नाही. ओल त्यातून येते आणि निघूनही जाते. दरवर्षी नवा हात द्यावा लागे, पण तो देणे सोपे होते.

आता दसरा-दिवाळीच्या रंगकामाकडे पाहा. पावसाळा संपला की घर झाडून, सारवून चुना फासायचा ही आपली रीत. चुन्याच्या दृष्टीने हे वेळापत्रक अगदी अचूक होते: भिंती आणि छत अजून किंचित ओलसर, हवा मऊ, ऊन बेताचे. चुना धरायला याहून चांगला हंगाम नाही. नंतर चुना गेला आणि प्लास्टिकच्या जातीचे रंग आले, पण वेळापत्रक तेच राहिले. ॲक्रिलिक इमल्शनला नेमके उलटे हवे असते: मागचा पृष्ठभाग कोरडा ठणठणीत. चार महिने पाणी प्यालेला स्लॅब ऑक्टोबरात वरून कोरडा दिसतो आणि आतून ओला असतो. त्यावर पुट्टी आणि इमल्शन चढवले की आतली ओल बाहेर पडू पाहते, रंगाचा पडदा तिला वाट देत नाही, आणि होळीपर्यंत फुगे येतात. मग कंपनीला बोल लावला जातो, रंगाऱ्याला लावला जातो. दोष बहुतेक वेळा कॅलेंडरचा असतो. गळतीचा इतिहास असलेले छत फेब्रुवारी ते मे या काळात रंगवावे, हे या पुस्तकाचे ठाम म्हणणे आहे. सणाच्या उत्साहाशी त्याचा मेळ बसत नाही याची पूर्ण कल्पना असूनही ते इथे पुन्हा पुन्हा सांगितले आहे.

चुन्याचा आणखी एक अध्याय शहरांत घडला. १८९६ मध्ये मुंबईत प्लेग आला, पुढे पुण्यातही पसरला, आणि घरे रिकामी करून आतून चुना फासणे हा निर्जंतुकीकरणाचा सरकारी उपाय ठरला. ऊन आत यावे म्हणून कौलेही काढली गेली. घराघरांत जबरदस्तीने शिरलेल्या सरकारी पथकांविषयीचा संताप पुण्याच्या इतिहासात नोंदलेला आहेच. आपल्या विषयापुरते एवढेच, की पांढरे छत म्हणजे आरोग्य हे समीकरण त्या काळात शहरी मनात घट्ट झाले. १८९८ मध्ये बॉम्बे इंप्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला, त्याने चाळी बांधल्या. १९२० च्या दशकात वरळी, नायगाव, शिवडी आणि आजच्या ना. म. जोशी मार्गावर बीडीडी (बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंटच्या) चाळी उभ्या राहिल्या, त्या सिमेंट-काँक्रीटच्या. खासगी चाळींत मात्र लाकडी तुळया आणि लादी-कोब्याचे मजले चालू राहिले. कोब्यातून झिरपलेले मोरीचे पाणी तुळईच्या टोकाशी साठते आणि भिंतीत शिरलेले ते टोक कुजते. खालच्या खोलीत मात्र फक्त चहाच्या रंगाचा एक डाग दिसतो. त्या डागावर रंग मारणे हा घात आहे. तो एवढा एकच इशारा असतो.

१९४७ च्या भाडे नियंत्रण कायद्याने मुंबईतली भाडी १९४० च्या पातळीला बांधली गेली. भाडेकरूला त्याने आधार दिला हे खरेच. पण दुरुस्तीचा खर्च कुणी करायचा हा प्रश्न अधांतरी राहिला. इमारती इतक्या खचल्या की १९६९ मध्ये दुरुस्ती आणि पुनर्रचना मंडळाचा कायदा करावा लागला आणि त्यासाठीच्या उपकरावरून ‘उपकरप्राप्त इमारत’ हा शब्द मुंबईकरांच्या तोंडी बसला. या काळातल्या खोल्यांची छते वाचायला शिकले की त्यांत मालक, भाडेकरू आणि सरकार यांचा पन्नास वर्षांचा व्यवहार दिसतो: अर्धा भाग मालकाने फासलेला, अर्धा भाडेकरूने स्वखर्चाने रंगवलेला, आणि मधोमध एक टेकू.

पण आज ज्या छतांसाठी हे पुस्तक मुख्यतः लिहिले आहे ती या चाळींनंतरची आहेत, साधारण १९६० ते १९९० या काळात मुंबई, ठाणे, पुणे, नाशिक, नागपूर, कोल्हापूर इथे उभ्या राहिलेल्या सोसायट्यांमधली आरसीसी स्लॅबची छते. यांचा आजार वेगळा आहे आणि तो नीट समजून घेतल्याशिवाय पत्र्याने एक पोपडाही काढू नये. ताजे काँक्रीट तीव्र अल्कधर्मी असते, त्याचा पीएच साडेबाराच्या वर असतो, आणि त्यामुळे आतल्या सळईवर संरक्षक पापुद्रा टिकून राहतो. वर्षानुवर्षे हवेतला कार्बन डायऑक्साइड आत शिरतो आणि ती अल्कता उतरत जाते. चुन्याला दगड करणारा तोच वायू इथे सळईचे कवच काढून घेतो. पीएच नऊच्या आसपास आला की ओल आणि प्राणवायू मिळताच गंज सुरू होतो. किनाऱ्यालगत खाऱ्या हवेतले क्लोराइड हेच काम आणखी लवकर करते. गंज लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा मागतो, तो काँक्रीटला खाली ढकलतो आणि ढलपा सुटतो. भारतीय मानकाप्रमाणे सळईखाली सौम्य हवामानातही काँक्रीटचे २० मिलिमीटर आवरण असावे. त्या काळातल्या अनेक इमारतींत सळ्या जवळजवळ फळीलाच टेकलेल्या आढळतात, कारण त्यांखाली ठोकळे ठेवण्याची शिस्त नव्हती.

म्हणून या पुस्तकातला पहिला विभाग रंगाविषयी नाहीच, तो ऐकण्याविषयी आहे. लाकडी दांड्याने छत टकटक करीत गेले की भरीव आणि बोद आवाजातला फरक कुणालाही कळतो. गिलावा तेवढा सुटला आहे की काँक्रीटही, भेग केसासारखी आणि वेडीवाकडी आहे की सळईच्या रेषेत सरळ धावते, तिच्या कडेला तांबूस डाग आहे का, पंख्याचा हूक किती गंजला आहे: एवढे पाहिल्यावर काम रंगाऱ्याचे आहे की स्ट्रक्चरल इंजिनिअरचे ते ठरते. उघड्या पडलेल्या सळईवर पुट्टी भरून देणे ही आपल्याकडची सर्रास चालणारी गोष्ट आहे. ती धोकादायक आहे. गंज आत चालूच राहतो, आणि पुढचा ढलपा आधीच्यापेक्षा मोठा असतो.

रंगाच्या इतिहासाला आता येऊ. चुन्यानंतर डिस्टेंपर आले: खडूची भुकटी आणि तिला धरून ठेवणारा सरस किंवा केसीन, पुढे तेलाचा अंश असलेले, ज्याला बाजारात ऑइल बाउंड म्हणतात ते. स्वयंपाकघरात आणि न्हाणीघरात तैलरंग आला, कारण तो पुसता येई. १९४२ मध्ये, युद्धकाळात, मुंबईत एशियन पेंट्स सुरू झाली, आणि १९५४ मध्ये आर. के. लक्ष्मण यांनी तिच्यासाठी काढलेला हातात कुंचला धरलेला गट्टू नावाचा मुलगा घरोघर पोचला. मध्यमवर्गाने रंग हा स्वतः निवडायचा पदार्थ मानायला सुरुवात केली त्यात अशा जाहिरातींचा वाटा मोठा आहे. त्यानंतर इमल्शन आले आणि गेल्या काही दशकांत व्हाइट सिमेंटची पुट्टी. याआधी रंगारी लांबी स्वतः मळत: खडू, जवसाचे तेल, थोडा वॉर्निश, आणि प्रत्येकाचे प्रमाण निराळे. तयार पुट्टीने काम सोपे केले, पण तिने जाडीचा मोह आणला. वाकडे छत सरळ करायला गिलावा असतो. पुट्टी दीड-दोन मिलिमीटरांपुरतीच आहे. छतावर तिचे जाड थर चढवले की ते कधीतरी खाली येतातच.

या क्रमातली प्रत्येक पायरी आधीचीवर चढली, तिच्या जागी आली नाही. सगळा घोळ इथे आहे. चुन्याच्या भुकटीवर डिस्टेंपर, डिस्टेंपरवर इमल्शन. इमल्शन वाळताना आकसते, आणि आकसताना खालच्या भुसभुशीत चुन्याला सोबत घेऊन सुटते. रंगाचा वाळलेला एक हात माणसाच्या केसाहूनही पातळ असतो, पण ओढ त्याच्यात पुरेशी असते. तैलरंगाच्या तुकतुकीत थरावर इमल्शनला धरायलाच काही मिळत नाही. आणि जुन्या मऊ डिस्टेंपरवर पाण्याचा ब्रश फिरला की तो विरघळून वर येतो. म्हणून कोणता थर कोणता, हे ओळखण्याच्या साध्या परीक्षा यायला हव्यात. ओले बोट घासल्यावर पांढरे झाले तर चुना किंवा डिस्टेंपर. स्पिरिटचा बोळा घासल्यावर रंग मऊ होऊन आला तर इमल्शन; नाहीच हलला तर तैलरंग. पात्याने बारीक फुली कापून चिकटपट्टी दाबायची आणि झटक्यात ओढायची. पट्टीबरोबर रंग आला तर त्यावर काहीही देऊ नये. प्लास्टिकचा तुकडा चारी कडांनी दिवसभर चिकटवून ठेवला आणि त्याच्या छताकडच्या बाजूला पाणी जमले, तर स्लॅब ओला आहे. खोलीकडच्या बाजूला जमले, तर दोष खोलीतल्या वाफेचा आणि बंद खिडकीचा. न्हाणीघराच्या छतावरून वरच्या मजल्यावरच्यांशी होणारी कितीतरी भांडणे ही शेवटची परीक्षा आधी केली असती तर टळली असती.

डागांचे म्हणाल तर तेही थरच आहेत. गळतीचा चहासारखा डाग पाण्यात विरघळणारा असतो, म्हणून पाण्याच्या रंगाचे चार हात दिले तरी तो वर येतो. त्याला लाखेचे किंवा तैलजातीचे अस्तर लागते, आणि तेही गळती थांबल्यावर. देवघरावरची समईची काजळी आणि स्वयंपाकघरातला फोडणीचा मेणचट थर धुण्याच्या सोड्याने धुवूनच काढावा लागतो, पॉलिश पेपरने तो नुसता पसरतो. बुरशी ब्लीचिंग पावडरच्या पाण्याने मारायची, आणि त्या पाण्याजवळ ॲसिडची बाटली कधीही आणायची नाही, कारण त्यातून विषारी वायू सुटतो.

या क्षेत्रात मतांचे प्रवाह आहेत आणि ते एकमेकांशी भांडतात. एक प्रवाह चुनावाद्यांचा. जुन्या वास्तूंच्या जतनात काम करणारे वास्तुतज्ज्ञ आणि काही पर्यावरणवादी घरबांधणारे म्हणतात की छताने श्वास घेतला पाहिजे. जुन्या चुन्याच्या बांधकामावर सिमेंट आणि प्लास्टिकचा लेप देणे म्हणजे ओल आत कोंडणे असे त्यांचे म्हणणे, आणि ते बरोबर आहे. वाडा किंवा लादी-कोब्याचे घर असेल तर या पुस्तकाचा कौल त्यांच्याच बाजूने आहे. पण आरसीसी स्लॅबला चुना फासून गंज थांबेल अशी आशा कुणी धरू नये. दुसरा प्रवाह रंग कंपन्यांच्या प्रशिक्षणातून आलेला: प्रायमर, पुट्टी, पुन्हा प्रायमर, दोन हात, सगळे एकाच कंपनीचे. यातली शिस्त घेण्यासारखी आहे. मात्र ती पद्धत नव्या, कोरड्या छतासाठी आखलेली आहे आणि जुन्यावर तशीच लावली जाते. तिसरा प्रवाह झाकणाऱ्यांचा. छत खराब आहे ना, मग खाली पीओपीचे किंवा जिप्समचे खोटे छत टांगा. त्यात दिवे लपतात, तारा लपतात, आणि गळतीही लपते. गंजत्या स्लॅबखाली फॉल्स सिलिंग लावण्याला या पुस्तकाचा स्पष्ट विरोध आहे. शिवाय प्लास्टर ऑफ पॅरिस ओल सोसत नाही. ते मऊ पडते, आणि ओल असताना त्यावर सिमेंटची पुट्टी दिली तर दोघांत रासायनिक वैर उद्भवते. काँक्रीट उघडेच ठेवावे म्हणणाराही एक छोटा प्रवाह आहे, पण जुन्या घरात ते क्वचितच साधते.

चौथा प्रवाह कुठल्याच माहितीपत्रकात नाही. तो रंगाऱ्यांचा आहे. परांचीवर उभे राहून मान मागे टाकून आयुष्य काढलेल्या माणसांना आवाजावरून, वासावरून, पात्याखाली येणाऱ्या भुकटीच्या पोतावरून थर कळतो. शेवटचा हात खिडकीच्या दिशेनेच ओढायचा, म्हणजे रोलरच्या कडा उजेडात दिसत नाहीत. ओली कड वाळू द्यायची नाही, म्हणून मोठ्या छताला दोघांनी लागायचे. छत आधी, भिंती नंतर. चकाकणारा रंग छताला नको, कारण तो प्रत्येक खोट दाखवतो. या गोष्टी त्यांच्याकडून शिकायच्या आहेत. दर चौरस फुटावर ठरतो, त्यामुळे खरवडायला लागणारा वेळ कुणी मोजत नाही, आणि मग तोच वेळ वाचवला जातो. तयारीची मजुरी वेगळी धरा आणि ती आधी बोला, ही या पुस्तकाची घरमालकांना विनंती आहे. छत टिकते ते त्या मजुरीमुळे.

हा विषय आत्ताच का घ्यावा, असे कुणी विचारील. एक कारण वयाचे आहे. सोसायट्यांची ती मोठी पिढी आता ३० वर्षांपलीकडे गेली आहे. मुंबई महापालिका कायद्यातील कलम ३५३-ब प्रमाणे ३० वर्षे झालेल्या इमारतीची संरचनात्मक तपासणी करून घ्यावी लागते. सहकारी सोसायट्यांच्या आदर्श उपविधींत १५ ते ३० वर्षांच्या इमारतीसाठी ५ वर्षांतून एकदा आणि त्याहून जुन्या इमारतीसाठी ३ वर्षांतून एकदा तपासणी सांगितली आहे. अनेक ठिकाणी पुनर्विकासाची चर्चा चालू आहे, आणि ‘पाडायचीच आहे’ म्हणून छताकडे पाहणे बंद झाले आहे. चर्चा दहा-दहा वर्षे चालते. तेवढी वर्षे माणसे त्याच छताखाली झोपतात. त्याच उपविधींत आणखी एक तरतूद आहे जी फार थोड्या सभासदांना ठाऊक असते: गच्चीतून गळणाऱ्या पावसाच्या पाण्याने वरच्या मजल्यावरच्या सदनिकेचे छत आणि त्यावरचा गिलावा खराब झाला, तर ती दुरुस्ती सोसायटीने करायची असते. वरच्या मजल्यावरचा एखादा पेन्शनर दरवर्षी स्वतःच्या पैशाने पोपडे काढत राहतो, तेव्हा त्याला हे कुणीतरी सांगायला हवे.

दुसरे कारण शिशाचे आहे. भारतात घरगुती आणि सजावटीच्या रंगांतील शिशाचे प्रमाण दशलक्षात ९० भाग एवढ्यावर आणणारे नियम २०१६ मध्ये झाले आणि १ नोव्हेंबर २०१७ पासून ते लागू आहेत. म्हणजे त्याआधीच्या तैलरंगात शिसे असू शकते. असा रंग कोरडा घासला की त्याची धूळ खोलीभर पसरते, आणि लहान मुलांच्या मेंदूच्या वाढीला शिसे थोड्या मात्रेतही अपाय करते. म्हणून ओले घासकाम, नाकावर नुसता रुमाल नव्हे तर धूळ रोखणारा मास्क, लहान मुले आणि गरोदर स्त्रिया घराबाहेर, आणि शेवटी झाडूऐवजी ओले फडके. वर सिमेंटचे जुने पत्रे असतील तर तेही घासू नयेत, त्यांत ॲस्बेस्टॉस असण्याचा संभव मोठा. मान वर करून काम करताना चुन्याचा कण डोळ्यात पडला तर तो डोळा जाळतो. चष्मा आधी घालावा, आणि तरीही काही गेलेच तर भरपूर पाण्याने बराच वेळ धुवून डॉक्टर गाठावा. या सूचना पुस्तकात एका कोपऱ्यात ढकललेल्या नाहीत. जिथे ते काम येते तिथेच त्या येतात, कारण पान उलटून परत मागे जाऊन कुणी वाचत नाही.

पुस्तकाचा आवाका सांगायला हवा. एका कुटुंबाला आपले छत स्वतः तपासता यावे, स्वतः करण्याजोगे काम स्वतः करता यावे आणि उरलेले काम करून घेताना काय मागायचे ते कळावे, एवढा हेतू आहे. मांडणी छताच्या जातीनुसार आहे, खोल्यांनुसार नाही. ज्याच्या घरी कडीपाट आहे त्याने स्लॅबची पाने सरळ सोडून द्यावीत. किमती दिलेल्या नाहीत, त्या शहरागणिक आणि वर्षागणिक बदलतात. त्याऐवजी कामाची मोजणी कशी करायची, ब्रासचे चौरस मीटर कसे करायचे आणि कोटेशनमध्ये तयारीच्या ओळी वेगळ्या कशा लिहून घ्यायच्या ते दाखवले आहे. इतिहास सोडला तर कंपन्यांची नावे वापरण्याचे टाळले आहे. रंगाची जात सांगितली आहे.

एक प्रकार मात्र जाणीवपूर्वक बाहेर ठेवला आहे. मेणवलीच्या वाड्यासारख्या ठिकाणी जुनी भित्तिचित्रे आहेत. गावोगावच्या मंदिरांत आणि काही घरांतही छतावर चितारलेली वेलबुट्टी चुन्याखाली दडलेली असते. खरवडताना पांढऱ्याखाली निळी किंवा गेरूची रेघ दिसली तर पात्याला तिथेच थांबवावे आणि जतनाचे शिक्षण घेतलेल्या माणसाला बोलवावे. चांगल्या हेतूने दिलेला हातही अशा ठिकाणी किती महाग पडतो याचे उदाहरण आपल्याच अजिंठ्यात आहे. तिथल्या भिंतींची आणि छतांची चित्रे वाचवण्यासाठी निजाम सरकारने १९२० च्या सुमारास लोरेन्झो चेक्कोनी आणि ओर्सिनी या इटालियन तज्ज्ञांना आणले. त्यांनी सुटणारा गिलावा पक्का केला, ते काम मोलाचे ठरले. पण चित्रांवर दिलेला लाखेचा लेप पुढे पिवळा पडत गेला, त्यावर धूळ आणि काजळी बसली, आणि तो उतरवण्याचे काम भारतीय पुरातत्त्व खात्याच्या रसायनतज्ज्ञांना अनेक दशके पुरले. डाग रोखण्यासाठी याच लाखेचे अस्तर घरातल्या छतावर द्यायला हे पुस्तक सांगते, आणि चितारलेल्या छताजवळ तिला नेऊ नका असेही सांगते. कोणता पदार्थ चांगला याचे उत्तर त्याच्या खाली काय आहे ते पाहिल्यावरच देता येते. म्हणून वाचकाने शिडी लावण्याआधी हातात दांडा, चिकटपट्टी आणि ओले फडके घेऊन पहिल्या विभागापासून सुरुवात करावी.